ट्रेलरमधली १५० एएचची बॅटरी दुसऱ्या रात्री उतरते. चार्जिंग कुठं कमी पडतंय?

औशाचे गुरुजी (जि. लातूर)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो, म्हणजे तुम्हाला परत परत विचारायला लागणार नाही.

आमच्या बोलेरोमागं (२०१४ ची) ओढायचा एका आसाचा ट्रेलर बांधून घेतलाय. आत पलंग, घडीचा बाक, मागच्या दाराला ओटा. आईचे गुडघे गेलेत. लॉजच्या पायऱ्या आणि उकिडवं बसायचे संडास तिला जमत नाहीत, पण माहूर, औंढा नागनाथ आणि पैठण तिला करायचंच आहे. त्यासाठी हा खटाटोप. मला थंडीत नाथसागरावर पक्षी बघायला जायचं असतं, तेही यात साधतं. आईला इन्सुलिन चालू आहे. त्यामुळं बाकी सगळं बंद पडलं तरी चालेल, फ्रिज रात्रभर चालायलाच पाहिजे.

आत काय काय आहे ते सांगतो. १५० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे साठवण) ट्युब्युलर बॅटरी, घरच्या इन्व्हर्टरला असते तीच, पलंगाखाली. ४० लिटरचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज, पाटीवर ४५ वॅट लिहिलंय. २८ वॅटचा पंखा, ६ वॅटचे दोन एलईडी, पाण्याचा छोटा पंप, तीन मोबाइल. टपावर ३३० वॅटचं एक मोठं सोलर पॅनल आडवं बसवलंय आणि त्याची वीज बॅटरीत सोडायला निळ्या डबीचा साधा कंट्रोलर आहे. गाडीकडून चार्जिंगसाठी फॅब्रिकेशनवाल्यानं बोलेरोच्या बॅटरीपासून अडीचची (चौरस मिलिमीटर) वायर ओढून सात पिनांच्या सॉकेटमधून मागं दिलीय. सॉकेटमागं एक रिले (विजेवर चालणारा स्विच) आहे, इंजिन बंद केलं की तो जोड तोडतो.

त्रास असा की पहिली रात्र निभते. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास फ्रिज टीं-टीं करतो आणि बंद पडतो. मीटर घेऊन बसलो तेव्हा हे आकडे मिळाले: इंजिन चालू असताना बोनेटखालच्या बॅटरीवर १४.२ व्होल्ट, त्याच वेळी ट्रेलरच्या बॅटरीवर १२.९. भर दुपारी कंट्रोलरवर ८ अँपिअर दिसतात. दिवसभर उन्हात उभं राहून संध्याकाळी हायड्रोमीटर (बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजणारी नळी) लावला तर १.१९०.

दुकानदार म्हणायलाय, आणखी एक १५० ची बॅटरी जोडा. पण एकेक बॅटरी पन्नास-साठ किलोची. आस आणि टायर दोन्हींची काळजी वाटते. दुसरी घेऊ, लिथियम घेऊ, की आणखी काही करू?

गोदावरीचा प्रवासी (नांदेड)

गुरुजी, सरळ लिथियम घ्या. लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० एएचची पेटी बारा-तेरा किलोत येते. चार सेल, १२.८ व्होल्ट, म्हणजे १२८० वॅट-तास, आणि त्यातले हजार-अकराशे बिनधास्त वापरता येतात. तुमच्या ट्युब्युलरमधून तिचं आयुष्य सांभाळून निम्मंच घ्यायचं, म्हणजे ९०० च्या आसपास. वजन चाळीस किलोनं कमी होईल. आम्ही सहस्रकुंडला जातो तेव्हा व्होल्टेजकडं बघतसुद्धा नाही, शेवटपर्यंत तेरावर टिकून असतं.

सेलूचा वायरमन (जि. परभणी)

गुरुजी, तुम्ही आकडे दिलेत म्हणून पोटतिडकीनं लिहितो. मी ट्रॅक्टर, हार्वेस्टर आणि जीपगाड्यांची वायरिंग करतो. "बॅटरी खराब आहे" म्हणून दुकानात जे येतात, त्यातल्या बहुतेकांची बॅटरी नुसती उपाशी असते. तुमचंही तेच आहे. दुसरी बॅटरी जोडली तर दोन उपाशी राहतील. आधी भरणं दुरुस्त करा, मग बॅटरीचं बघू.

१.१९० हा आकडाच सगळं सांगायलाय. इन्व्हर्टरची ट्युब्युलर पूर्ण भरली की १.२४० च्या आसपास दाखवते. तुमची दिवसभर उन्हात राहून संध्याकाळी साठेक टक्क्यांवर आहे, आणि तिथून रात्र सुरू होते.

आता खर्च काढू. ऊन तापलेलं असलं की फ्रिजचा कॉम्प्रेसर निम्म्याहून जास्त वेळ फिरतो, दिवस-रात्र मिळून ६०० वॅट-तास धरा. पंखा दहा तास, २८०. दिवे ६०, मोबाइल ४५, पंप १५. झाले हजार. बाराने भागले की ८३ एएच. थंडीत पंखा नाही आणि फ्रिजही कमी फिरतो, तेव्हा ४० एएच. म्हणजे थंडीत ही बॅटरी तुम्हाला भरपूर आहे आणि उन्हाळ्यात एका दिवसापुरती. मात्र रोज भरली पाहिजे.

जमा कुठं अडते ते बघा. १४.२ मधून १२.९ गेले, १.३ व्होल्ट वायरीतच जळायलेत. अडीचच्या तांब्याचा रोध किलोमीटरला ८ ओहमच्या आसपास. बोनेटपासून पलंगाखालपर्यंत सात मीटर धरले तर जाऊन-येऊन चौदा, म्हणजे ०.११ ओहम. १.३ ला ०.११ नं भागा, जेमतेम १२ अँपिअर येतात. त्यातले पावणेचार फ्रिज खातो. आणि बॅटरी जसजशी भरत जाईल तसतसं हे आणखी आटतं: तिचं व्होल्टेज साडेतेराला गेलं की वायरीतून सहाच अँपिअर येतील, चौदाला गेलं की दोनच. ठिबकची नळी बारीक आणि लांब असली की मोटारीजवळ कितीही दाब असला तरी शेवटच्या झाडाला थेंब पडत नाही, तसं झालंय हे. औशाहून पैठणपर्यंत पाच तास गाडी चालवूनही तुमच्या बॅटरीत तीसेक एएचच्या वर काही पडत नसणार.

मायनस कुठून परत येतो तेही बघा. स्वतंत्र वायर नसेल आणि हूकच्या गोळ्यातून येत असेल तर तिथला गंज आणि ग्रीस मिळून आणखी अर्धा व्होल्ट खातात.

उपाय: सोळाची लवचिक तांब्याची वायर, प्लस आणि मायनस दोन्ही, बॅटरी ते बॅटरी. सोळाच्या चौदा मीटरला २५ अँपिअरवर चार दशांश व्होल्टच पडतात. सात पिनांच्या सॉकेटमधून तिला नेऊ नका, त्या पिना टेललाइटपुरत्या असतात. जोडाला ५० अँपिअरचा अँडरसन प्लग घ्या. सध्याचा रिले किती अँपिअरचा आहे तेही वाचा. त्याच्या जागी व्होल्टेज बघून जोडणारा मोठा रिले बसवा, तो साधारण १३.३ ला जोडतो आणि १२.८ ला सोडतो, मग चावीच्या वायरीची गरज उरत नाही. तुमची गाडी जुनी आहे आणि अल्टरनेटर १४.२ धरून ठेवतो, त्यामुळं ट्युब्युलरला एवढं पुरे. बीएस-सहाच्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर इंधन वाचवायला व्होल्टेज खाली आणतो, तिथं मात्र डीसी-डीसी चार्जरशिवाय (गाडीकडून येणारं व्होल्टेज बॅटरीला लागेल तेवढं करून देणारी पेटी) काम होत नाही.

फ्यूज दोन्ही टोकांना, बॅटरीपासून वीतभर अंतरात, ६० अँपिअरचा. एका टोकाला लावून लोक मोकळे होतात. पण या वायरीच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे. मधे कुठं वायर घासून चासीला टेकली तर फ्यूज नसलेल्या बाजूची बॅटरी वायर पेटेपर्यंत करंट देत राहील, आणि तुमची बॅटरी पलंगाखाली आहे. हे काम आजच करा.

आता सोलर. ३३० वॅटचं हे मोठं पॅनल, बहुतेक ७२ सेलचं, ३७ व्होल्टला ८.८ अँपिअर देतं. निळी डबी पीडब्ल्यूएमची आहे. ती पॅनलला सरळ बॅटरीच्या व्होल्टेजला खेचते. म्हणजे ८.८ गुणिले १३, ११५ वॅट. बाकीचे दोनशे वॅट वाया. तुम्हाला भर दुपारी ८ अँपिअर दिसतात ते यामुळं, पॅनल चांगलं आहे. त्याच पॅनलला ३० अँपिअरचा एमपीपीटी (पॅनलचं जास्तीचं व्होल्टेज अँपिअरमध्ये बदलणारा कंट्रोलर) लावला तर दुपारी अठरा-एकोणीस अँपिअर येतील. पॅनल तापतं आणि आडवं आहे, म्हणून पंचवीस मिळणार नाहीत. घेताना पॅनलकडून ७५ किंवा १०० व्होल्ट सोसणारा घ्या, कारण लोड नसताना हे पॅनल ४५-४६ व्होल्टला जातं आणि थंडीच्या सकाळी त्याच्याही वर.

आणि एक सावधगिरी. बाजारात पीडब्ल्यूएमच्या डबीवर एमपीपीटीचं स्टिकर लावून विकायलेत. ओळखायचं असं: ऊन असताना बॅटरी थोडी रिकामी ठेवा, क्लॅम्प मीटर आधी पॅनलच्या वायरीला लावा, मग बॅटरीच्या. दोन्हीकडं सारखेच अँपिअर आले तर माल खोटा. पॅनलकडून सात येऊन बॅटरीकडं सतरा-अठरा गेले तर खरा.

औंढ्याची ताई (जि. हिंगोली)

गुरुजी, वायरिंगमधलं मला कळत नाही, पण मी आरोग्य केंद्रात लसींचा फ्रिज सांभाळते म्हणून आईंच्या इन्सुलिनबद्दल लिहिते.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं. गोठलं तर फेकायचंच, परत वितळलं तरी त्याचा गुण गेलेला असतो. छोट्या कॉम्प्रेसर फ्रिजमध्ये भिंतीला किंवा तळाला टेकलेली वस्तू गोठते, म्हणून पेन प्लास्टिकच्या डब्यात, मधोमध, टॉवेलात गुंडाळून. शेजारी थर्मामीटर ठेवा, फ्रिजच्या पडद्यावरचा आकडा हा फक्त सेन्सरच्या जागेचा असतो. वापरायला काढलेलं पेन पंचवीस-तीस अंशांखाली साधारण चार आठवडे चालतं, नेमकं किती ते पाकिटावर लिहिलेलं असतं.

रात्री फ्रिज बंद पडला तर घाबरू नका. भरलेला फ्रिज झाकण न उघडता सकाळपर्यंत गार राहतो. म्हणून तो रिकामा ठेवूच नका, पाण्याच्या बाटल्यांनी भरा. दिवसा सोलर जोरात असताना ३ अंशांवर लावा, बाटल्या गार होऊ द्या, आणि झोपताना ६ वर करा. रात्रीचं कॉम्प्रेसरचं फिरणं बरंच कमी होतं. अगदीच पंचाईत झाली तर आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात माठासारखं दुसरं काही नाही. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, त्यात डबा, वर ओलं फडकं, आणि सगळं सावलीत वाऱ्याला. पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा याचा भरवसा धरू नका.

औशाचे गुरुजी

ताई, बाटल्यांचं लगेच करतो. आईनं वाचून घेतलं आणि माठाचं ऐकून तिचा जीव भांड्यात पडला.

वायरमन भाऊ, मायनस बघितला. तुम्ही म्हणालात तसंच, हूकमधूनच येतोय. सोळाची वायर आणि प्लग घेतो. तीन शंका आहेत. फ्रिज बंद पडला त्या रात्री बॅटरीवर १२.१ दाखवत होतं, मग तो बंद का पडावा? दुसरं, गावात मुक्काम असला की लाइटवर चार्ज करायचं असेल तर कसं? शेतातल्या मोटारीच्या पेटीतून घेऊ का? आणि पॅनल आडवं आहे ते उभं करायची सोय करावी का?

सेलूचा वायरमन

१२.१ म्हणजे बॅटरी निम्म्याच्या जरा खाली, फ्रिज बंद पडावा अशी नाही. फ्रिजला जाणारी वायर बारीक असणार. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर दुप्पट-तिप्पट अँपिअर ओढतो, तेवढ्यात वायरीत एक व्होल्ट पडतो, फ्रिजला अकराच दिसतात आणि तो स्वतःला वाचवायला बंद होतो. फ्रिजच्या मेनूत कट-ऑफच्या तीन पायऱ्या असतात. सगळ्यात वरची पायरी गाडीची स्टार्टर बॅटरी वाचवण्यासाठी असते. तुमची बॅटरी स्वतंत्र आहे, मधली ठेवा. आणि फ्रिजला बॅटरीपासून थेट चारची वायर द्या, १५ अँपिअरचा फ्यूज लावून. सिगारेट लायटरचं सॉकेट मधे नको. ते गरम होतं आणि हादऱ्यानं सैल होतं, आपले रस्ते तुम्हाला माहीतच आहेत.

सगळं झालं की जोड तपासा. मीटर मिलिव्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या पोलवर, दुसरं लगच्या (वायरीच्या टोकाला दाबलेल्या कडीच्या) पलीकडं उघड्या तांब्यावर, आणि गाडीकडून चार्जिंग चालू. ५० च्या वर आकडा दिसला की तो जोड खोलून परत करा. हातोडीनं ठोकलेला लग चालणार नाही, सोळाच्या लगला हायड्रॉलिक क्रिम्पच पाहिजे. परभणीत, लातुरात केबल जॉइंट करणाऱ्यांकडं मशीन असतं, ते दाबून देतात.

मोटारीच्या पेटीतून वीज अजिबात घेऊ नका. ती थ्री फेज. न्यूट्रलच्या जागी चुकून दुसरा फेज लागला तर चारशेच्या वर व्होल्ट येतात आणि चार्जर जागेवर जळतो. शिवाय शेतीच्या फीडरला तास ठरलेले, रात्रीची पाळी असली तर तुम्ही रात्रभर जागणार. कुणाच्या घरातून सिंगल फेज घ्या. गावात संध्याकाळी व्होल्टेज १७० पर्यंत उतरतं, म्हणून चार्जर कमी व्होल्टेजवर चालणारा घ्या, २० अँपिअरचा, ट्युब्युलरची सेटिंग असलेला, १४.४ पर्यंत नेऊन मग १३.६ ला धरणारा. ट्रेलरमध्ये २३० येणार असेल तर पहिल्यांदा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आणि चासीला अर्थिंग. ट्रेलर रबरी टायरवर उभा असतो. आत फेज पत्र्याला लागला तरी काही कळत नाही, आणि खाली अनवाणी उभं राहून दाराला हात लावणाऱ्याला झटका बसतो. आई सोबत आहेत म्हणून हे ठासून सांगतो. घरी आल्यावर तर घरचा इन्व्हर्टर आहेच, रात्रभर त्यावर लावा आणि हायड्रोमीटर १.२४० दाखवेपर्यंत काढू नका. अर्धवट भरून ठेवलेल्या बॅटरीच्या प्लेटवर सल्फेट धरतं, मग ती कधीच पूर्ण भरत नाही.

पॅनल: उन्हाळ्यात आडवंच बरोबर. मेच्या मध्यात आपल्याकडं सूर्य थेट डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस असतो. डिसेंबरात मात्र नाथसागरावर दुपारी बारालासुद्धा तो क्षितिजापासून ४७ अंशांवरच, म्हणून दक्षिणेकडं उतार दिला की चांगला फरक पडतो. एका बाजूला बिजागऱ्या आणि दुसऱ्या बाजूला दोन टेकू पुरे. फांदीची सावली चुकवा. एका कोपऱ्यावर पडली तरी पॅनलचा एक तृतीयांश भाग बंद होतो. आईंना झाडाखाली सावलीत राहायचं असेल तर पॅनल काढून दहा मीटर लांब उन्हात ठेवा. ३७ व्होल्टला करंट कमी असतो, चारची वायर चालते. एमपीपीटी मात्र बॅटरीजवळच राहू द्या.

गोदावरीचा प्रवासी

भाऊ, हिशोब पटला. पण हे सगळं झाल्यावर तरी लिथियम घ्यावी की नाही? वजनाचा मुद्दा तर राहतोच.

सेलूचा वायरमन

घ्यावी, पण सध्याची संपल्यावर. आणि तिला डीसी-डीसी चार्जर लागेलच. लिथियमचा आतला रोध इतका कमी असतो की जाड वायर दिली की ती अल्टरनेटर देईल तेवढं ओढते. घाटात कमी वेगानं चढताना अल्टरनेटर तापून जातो. वीस-तीस अँपिअरवर बांधून ठेवणारा डीसी-डीसी मधे असला की भीती नाही. दुसरं म्हणजे उष्णता. बऱ्याच पेट्यांवर चार्जिंगची कमाल ४५ ते ५५ अंश लिहिलेली असते, आणि मेमध्ये बंद ट्रेलर उन्हात उभा राहिला की आत तेवढं होतंच. मग आतली बीएमएस (सेलची राखण करणारं सर्किट) चार्जिंग तोडते आणि लोक सोलरला दोष देत बसतात. पेटी खाली, सावलीच्या बाजूला, जाळीच्या कप्प्यात ठेवा.

औशाचे गुरुजी

वायरी टाकून झाल्या, एमपीपीटी लावला. क्लॅम्प मीटरनं बघितलं, पॅनलकडून ६.५ आणि बॅटरीकडं १७. इंजिन चालू असताना ट्रेलरच्या बॅटरीवर आता १३.८ दिसतात. दुपारी चारला हायड्रोमीटर १.२३५. आई म्हणाली, आता माहूरची तारीख काढ.

एकच राहिलं. चार्जिंग जोरात झालं की पलंगाखाली आंबूस वास येतो.

सेलूचा वायरमन

मग निघण्याआधी ती बॅटरी तिथून हलवा, गुरुजी. ट्युब्युलर भरत आली की पाण्याचा हायड्रोजन होतो आणि त्याबरोबर ॲसिडचा वाफारा निघतो. आधी ती कधी भरतच नव्हती म्हणून वास आला नसेल. झोपायच्या जागेत हे चालणार नाही. ट्रेलरच्या बाहेर, पुढच्या दांड्यावर पत्र्याचा डबा करा. आत रबरी शीट, बॅटरी पट्ट्यानं आवळून, झाकणाच्या वरच्या कडेला दोन आणि तळाला दोन भोकं. पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून भोकांवर खाली वळलेली टोपी. हायड्रोजन हलका असतो, वरच्या भोकातून जातो. फ्यूज आणि रिले डब्याच्या बाहेर, ठिणगी आत नको. दांड्यावर पन्नास-साठ किलो आले की हूकवरचा भार वाढेल, म्हणून पाण्याची टाकी आसाच्या मागं सरकवता आली तर बघा. आणि महिन्याला डिस्टिल्ड वॉटरची पातळी. उन्हाळ्यात पंधरवड्याला.